रेस दिली की तेल कुठे अडतं

‘स्लो चलता, पण रेस दिल्यार बंद पडता.’ मालवणात आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच शब्दांत येतात. स्लो चालतं म्हणजे स्पार्क आहे, कॉम्प्रेशनही बरं आहे. रेस दिल्यावर मरतं म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाची मागणी वाढली आणि तेल पुरेसं पोचलं नाही. आमच्या भाषेत पेट्रोल काय, रॉकेल काय, सगळं तेलच. हे तेल अडण्याच्या जागा सुरुवातीच्या इंजिनात जवळजवळ नव्हत्याच. त्या एकेका सोयीबरोबर मागाहून आल्या.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूडने १९०९ साली होडीच्या मागे अडकवायचं इंजिन विकायला काढलं. माणूस जन्माने नॉर्वेचा. होणाऱ्या बायकोसाठी तळ्यापलीकडून वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. मला त्या आइस्क्रीमपेक्षा टाकीत जास्त रस आहे. इंजिन दीड अश्वशक्तीचं, वजन ६२ पौंड आणि टाकी इंजिनालाच बसवलेली, कार्बोरेटरच्या वर. तेल आपल्या वजनाने खाली उतरायचं. पंप नाही, लांब नळी नाही. ते बंद पडायचं ते बहुधा ठिणगीपायी. खाऱ्या हवेत विजेची जोडणी ओली झाली की काय होतं, ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

डोक्यावरच्या टाकीत तेल मावणार किती? लांब जायचं तर हलत्या होडीत, तापलेल्या इंजिनावर कॅन ओतावा लागे. यावर उपाय म्हणून जॉन्सन कंपनीने १९४९ साली आपल्या १० अश्वशक्तीच्या इंजिनाला वेगळी टाकी दिली. ती होडीच्या तळाशी बसते आणि तेल वर चढवायला दोन पदरी नळी असते. एका पदरातून इंजिन टाकीत हवा दाबतं, दुसऱ्यातून त्या दाबाने तेल वर येतं. टाकीच्या झाकणाचं गॅस्केट जरा सुटलं की दाब उतरतो. स्लोला तेवढा पुरतो, फुल्ल रेसला पुरत नाही. माझ्या मते आमच्या तक्रारीचा जन्म इथला.

पुढे दाबाची टाकी जाऊन इंजिनावर डायफ्रामचा छोटा पंप आला. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमधला दाब दर फेऱ्याला चढतो-उतरतो, त्यावर रबराचा पातळ पडदा हलतो आणि तेल ओढतो. टाकीला हवा आत घ्यायचा स्क्रू लागला, नळीत रबरी बल्ब आला. हा बल्ब म्हणजे तपासणीतला माझा पहिला साक्षीदार. होडी पाण्यात, इंजिन लोडवर. मरायला लागलं की एकाने बल्ब दाबत राहायचं. इंजिन सावरलं तर पंप थकलाय किंवा नळी कुठेतरी हवा घेते. बल्ब चपटा होऊन बसला तर अडथळा टाकीकडे, म्हणून आधी झाकणावरचा स्क्रू सैल करून बघायचा. बल्ब टणक आणि तरीही मरतंय, तर मग कार्बोरेटर खोला आणि जेट बघा. मी नेहमी याच क्रमाने जातो, कारण जेट उगाच काढलं की तारेने टोचायचा मोह होतो आणि भोक मोठं होऊन बसतं.

आपल्याकडे या इंजिनांची खरी गर्दी केरळात झाली. तिथे नींडकराला १९५०च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने मच्छीमारी सुधारण्याचा प्रकल्प आला. त्याने आणल्या डिझेल इंजिन पोटात असलेल्या बोटी, नॉर्वेच्याच माणसाचं आउटबोर्ड नव्हे! त्या बोटी पुढे कोळंबीच्या ट्रॉलिंगला लागल्या. किनाऱ्याजवळ वळ्ळम, म्हणजे पारंपरिक होड्या, चालवणाऱ्यांचा घास आखडला आणि १९८०च्या दशकात त्यांनीच जपानी आउटबोर्ड होड्यांना टांगली. तीही रॉकेलवर चालणारी, कारण सरकारी सवलतीचं रॉकेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं.

रॉकेलचं इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की कॉक रॉकेलकडे फिरवायचा आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलकडे, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत रॉकेल उरत नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत कॉक फिरवून कोणी रेस दिली, तर ते खोकत बंद पडणारच. त्यात बिघाड काही नाही, घाई आहे. शिवाय रॉकेलने प्लगवर काजळी लवकर धरते. स्वस्त तेलाची ही किंमत तांडेल मोजतो, पण सवलतीच्या हिशेबात ती कुणी मांडलेली मी पाहिली नाही.

आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते पाणी धरून ठेवतं आणि जुन्या नळीच्या आतल्या अस्तराला मानवत नाही. अशी एक नळी मी उभी चिरली होती. बाहेरून धडधाकट, आत अस्तराचा नखाएवढा पापुद्रा सुटलेला. तोंडाने फुंकलं तर हवा सरळ पार, कारण फुंकरीने तो भिंतीला चिकटायचा. इंजिनाच्या ओढीने मात्र उभा राहून वाट बंद करायचा. कार्बोरेटर दोनदा धुऊनही असलं इंजिन सुधारत नाही. म्हणून जुनी नळी मी परत जोडत नाही, गिऱ्हाइकाने कितीही कुरकुर केली तरी.