वरोऱ्याची कोळसा खाण आणि जतनाचा प्रश्न

जालना जिल्ह्याचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला असल्यामुळे येथे दगडी कोळसा आढळत नाही. तथापि निजामी राजवटीत जालन्यावरून सुरू झालेली मीटरगेज रेल्वे अनेक दशके कोळशावरच धावली. हा कोळसा भूगर्भातून कसा काढला जात असे, हे येथील इतिहासाच्या विद्यार्थ्यास प्रत्यक्ष पाहावयाचे झाल्यास विदर्भाची वाट धरावी लागते.

या संदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे उदाहरण लक्षणीय आहे. वरोरा म्हटले की आज आनंदवन आठवते. परंतु त्यापूर्वी हे गाव सरकारी कोळसा खाणीसाठी परिचित होते. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला, तो मुख्यतः या कोळशासाठी. १९०६ मध्ये खाण बंद झाली. लोहमार्ग मात्र पुढे बल्लारशाहपर्यंत वाढला आणि १९२९ मध्ये काझीपेटशी जोडला जाऊन दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग बनला. चेन्नईकडे जाणारा प्रवासी आजही वरोऱ्यावरून जातो. त्या जुन्या खाणीत उतरण्याची सोय मात्र नाही.

किल्ला पडका झाला तरी त्याची डागडुजी नंतर करता येते. भूमिगत खाणीचे तसे नाही. छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखले जातात आणि शेवटी शक्य तेथे तेही काढून छत कोसळू दिले जाते. उपसा थांबला की सामान्यतः पाणी भरते. पंखे थांबले की घातक वायू साचतात. म्हणून जतनाचा निर्णय खाण चालू असतानाच घ्यावा लागतो.

वेल्समधील ‘बिग पिट’ ही खाण १९८० मध्ये बंद झाली व १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. तेथे माजी खाणकामगारच अभ्यागतांना सुमारे ९० मीटर खाली नेतात. खाणीचे सुरक्षानियम लागू असल्याने घड्याळे व मोबाइल वरच ठेवावे लागतात.

आपल्याकडे २०१६ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स व महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी नागपूर जिल्ह्यातील सावनेरची भूमिगत आणि गोंडेगावची खुली खाण दाखविण्याचा उपक्रम हाती घेतला. तो स्वागतार्ह आहे. परंतु उत्पादन चालू असलेली खाण दाखविणे आणि ऐतिहासिक खाण जतन करणे यांत प्रस्तुत लेखकाच्या मते मूलभूत फरक आहे. विदर्भातील एखादी जुनी भूमिगत खाण बंद करण्यापूर्वीच जतनासाठी निवडली जावी. निवृत्त कामगारांच्या मुलाखती आणि हत्यारांची व कामांची त्यांच्या बोलीतील नावे नोंदविण्याचे कार्य मात्र महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना आजच सुरू करता येईल.