संशोधनाची जागा: हक्कानं मागायची गोष्ट

आपल्या सातारा-सांगलीच्या गावांतल्या मुली आता एम.एस्सी. होतात. पुढे पीएच.डी.चं नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "अजून किती वर्षं खर्च करायचा?" म्हणून आज आम्ही एक जुनी हकीकत सांगतो.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊन बी.एस्सी. झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. कमलाताईंनी बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथले संचालक नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाताई हटून बसल्या. अखेर अटी घालून घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, ही त्यातली एक. वर्षभरात कामानंच रामन यांची खात्री पटली आणि पुढे इतर मुलींनाही तिथं दार उघडलं.

मग त्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतलं 'सायटोक्रोम सी' त्यांना सापडलं. १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे कमला सोहोनी म्हणून मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणावर संशोधन केलं.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. कमलाताईंचे वडील आणि चुलते स्वतः रसायनशास्त्र शिकलेले. कुठं अर्ज करायचा, हे घरातच ठाऊक होतं. आपल्या मुलींच्या घरी हे कोण सांगणार?

आपल्या भागात ही उणीव समाजानं भरून काढली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पीएच.डी. एस.टी.च्या अंतरावर आली.

आता खर्चाचं. संशोधन करणाऱ्याला पैसे मिळतात. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आहे. त्या सावित्रीबाई आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी आणि संसारामुळे काम सुटलेल्या बायकांसाठी केंद्राची 'वाइज-किरण' योजना आहे.

जागा मात्र घरी चालत येत नाही. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा नेट द्यावी लागते. आपल्या विषयाचे मार्गदर्शक शोधून त्यांना पत्र लिहावं लागतं. एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारावं लागतं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारू या: आपल्या गावात एम.एस्सी. झालेली मुलगी कोण आहे, आणि तिच्या अर्जाची तारीख कोण लक्षात ठेवणार?