कोंडलेली राणी आणि जुनी पुस्तकं

स्पेनच्या राजघराण्याचे जुने इतिहासग्रंथ जमवणारी माणसं जगात बरीच आहेत. कुणी कातडी बांधणी बघतं, कुणी छपाईचं साल. आम्हाला विचाराल, तर एकाच बाईबद्दल दोन पुस्तकं काय सांगतात, हे ताडून बघण्यात खरी गोडी आहे.

हुआना राणीचंच घ्या. आई इसाबेला 1504 साली वारली आणि कास्तील हे स्पेनमधलं मोठं राज्य हुआनाकडे आलं. दोन वर्षांत नवरा गेला. 1509 मध्ये बापाने, फर्डिनंड राजाने, तिला तोर्देसियास गावच्या वाड्यात ठेवलं. पुढे मुलगा चार्ल्स गादीवर आला, त्यानेही सोडलं नाही. 1555 मध्ये ती तिथेच वारली. 46 वर्षं! एवढा काळ कागदोपत्री राणी तीच होती. नाण्यांवरसुद्धा मुलाबरोबर तिचं नाव. सातबाऱ्यावर नाव बाईचं आणि कारभार दुसऱ्याचा, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

जुन्या ग्रंथांत तिची ओळख एकच, 'वेडी हुआना'. मग बर्गेनरोथ नावाचा जर्मन अभ्यासक सिमांकासच्या किल्ल्यात गेला. राजांची दप्तरं तिथे ठेवलेली. त्याने सांकेतिक लिपीतली पत्रं उलगडली आणि 1868 मध्ये लंडनला छापलेल्या ग्रंथात लिहिलं, की राणी वेडी नव्हतीच. धर्माच्या बाबतीत ती ऐकेना आणि घरच्यांना सत्ता हवी होती, म्हणून तिला कोंडलं. बेल्जियमचे दप्तरतज्ज्ञ गाशार यांनी लगेच हरकत घेतली. पुढच्या अभ्यासकांनाही बर्गेनरोथचं सगळं काही पटलं नाही. राणी खिन्न असे, अन्न टाकी, हे खरंच आहे. पण बाई, कोंडून ठेवल्यावर कोण हसतखेळत जेवेल?

म्हणून जाणता संग्राहक चुकीचं ठरलेलं पुस्तक रद्दीत घालत नाही. नुसतं बर्गेनरोथचं घेतलं तर अर्धीच गोष्ट हाती येते. त्याच्या शेजारी गाशार हवेत, आणि तिला वेडी म्हणणारा जुना ग्रंथही हवा.

या सगळ्यांत आम्हाला अडवून धरतं ते 1520 सालचं प्रकरण. चार्ल्सविरुद्ध उठलेले बंडखोर वाड्यात शिरले. तुम्हीच आमच्या राणी, या कागदांवर सही करा, म्हणाले. तिने त्यांचं ऐकून घेतलं, बोलली, पण सही केली नाही. सही झाली असती तर मुलाचं आसन डळमळलं असतं. कुणी त्याला वेड म्हणतं, कुणी आईची माया. आम्हाला त्यात राजकारण कळणारी बाई दिसते. बंड मोडलं, आणि मुलाने तिला तिथेच ठेवलं.