इंजिन दोषी, विधवा बेदखल

२४ डिसेंबर १८४१ रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची लंडनहून सुटलेली गाडी रेडिंगजवळ सोनिंग येथे कोसळलेल्या दरडीवर आदळली. तिसऱ्या वर्गाच्या उघड्या डब्यांतील नऊ प्रवासी मृत्युमुखी पडले; त्यांतले बरेचसे नाताळासाठी घरी निघालेले कष्टकरी.

तत्कालीन इंग्रजी कायदा विलक्षण होता. जखमी प्रवाशाला कंपनीवर दावा लावता येई. तो दगावला, तर त्याच्या विधवेला मात्र तो हक्क नव्हता. थोडक्यात, जखमी करण्यापेक्षा ठार करणे कंपनीला स्वस्त! शिल्लक होती ती ‘डिओडंड’ ही मध्ययुगीन प्रथा : मृत्यूस कारण ठरलेली वस्तू किंवा तिचे मोल जप्त करायचे. शब्दाचा अर्थ ‘देवाला द्यावयाचे’. प्रत्यक्षात घेई राजा, नाहीतर त्याने हक्क बहाल केलेला जमीनदार. सोनिंगच्या ज्यूरीने इंजिन व डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडंड बसवला. पुढे तोही रद्द झाला.

१८४६ मध्ये संसदेने ही प्रथा मोडीत काढली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला भरपाईचा हक्क दिला. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली. हिंदुस्थानात हा हक्क आला १८५५ च्या कायद्याने. तोही पती-पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यापुरताच. मृताच्या कमाईवर शिकणारा धाकटा भाऊ त्या यादीत नाही.