तळटीप १७ : ‘पशेस्वुखान्ये’

१७. ‘पशेस्वुखान्ये’, म्हणजे ‘चौकशी’. रिशार्द बुगाय्स्की यांचा पोलिश चित्रपट. लोकांनी बंद दाराआड पाहिलेली, मजकुरात नाव न घेता उल्लेखलेली व्हिडिओ कॅसेट ती याचीच.

कथा १९५०च्या दशकाच्या आरंभीची, स्टालिनशाहीच्या पोलंडमधली. तोनिया ही कॅबरेत गाणारी तरुणी. गुप्त पोलीस तिला दारू पाजून तुरुंगात नेतात आणि ओळखीच्या एका लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध खोटा जबाब मागतात. मारहाण, पाण्याने भरत जाणारी अरुंद कोठडी, गोळ्या घालण्याचे नाटक. हे सारे सोसूनही ती खोट्यावर सही करत नाही. भूमिका क्रिस्तिना यांदा यांची. कट्टर कम्युनिस्ट सहकैदी झालेल्या आग्न्येश्का होलांद स्वतःही नामवंत दिग्दर्शिका आहेत.

पोलंडमध्ये १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. १९८२मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रपटावर सरकारने लगेच बंदी घातली. तरीही चोरून काढलेल्या प्रती देशभर पोहोचल्या.

जाहीर प्रदर्शन कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, डिसेंबर १९८९मध्ये झाले. १९९०च्या कान महोत्सवात यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या.