‘घराण्यातच शुगर आहे’ म्हणजे नेमकं काय?

‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’ हे वाक्य कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. पण आजोबा, वडील आणि नातू यांच्यात फक्त रक्तच सारखं नसतं. चूल, शेत, कष्ट आणि खाण्याच्या सवयीही बऱ्याचदा त्याच असतात. हे दोन धागे वेगळे कसे करायचे, याचा इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी एकदा जरूर बघावा.

१९६२ मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी एक कल्पना मांडली. दुष्काळात तगायला मदत करणारी ‘काटकसरी’ जनुकं सुबत्तेच्या काळात मधुमेहाकडे नेतात, अशी ती कल्पना. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, हेल्स आणि बार्कर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी वेगळं म्हणणं मांडलं: ही काटकसर शरीर गर्भातच शिकतं. पोटात असताना पोषण कमी पडलं, की शरीराची घडणच तशी होते. त्यांचा एक मोठा आधार होता हर्टफोर्डशायरमधल्या जुन्या जन्मनोंदी. त्यांत बाळाचं वजन होतं, पण आईच्या ताटात काय होतं ते नव्हतं.

ही उणीव भरून काढायचं काम आपल्या महाराष्ट्रात झालं. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गंमत बघा, सुरुवात बाळापासून नाही, गरोदरपणापासूनही नाही, दिवस जाण्याआधीपासून! या बायकांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण हातपाय बारीक असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार.

पुढचे निष्कर्ष आणखी विचार करायला लावणारे आहेत. बाळाच्या वाढीचा संबंध एकूण कॅलरींपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी दिसला. गरोदरपणी अंगमेहनत जास्त, तर बाळ लहान. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता.

मग जनुकं खोटी का? अजिबात नाही. २००७ मध्ये भारतीयांमध्येही टीसीएफ७एल२ या जनुकातल्या बदलांचा टाइप-२ मधुमेहाशी ठळक संबंध दिसला. जनुकं धोका वाढवतात. तो प्रत्यक्षात किती उतरेल, हे ताट, कष्ट आणि गर्भातले नऊ महिने यांवरही ठरतं.

इथं एक सावधगिरी हवी. ‘आईमुळं झालं’ असा अर्थ काढणं सोपं आहे, पण चूक आहे. ताटात पालेभाजी आणि दूध का नाही, सातव्या महिन्यातही शेतात का जावं लागतं, हे एकट्या बाईच्या हातात नसतं. म्हणूनच २०१२ मध्ये याच अभ्यासातल्या किशोरवयीन मुली आणि मुलं, दोघांनाही बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढची पिढी जन्माला यायच्या आधीच.

उद्या तुम्ही कागल किंवा शाहूवाडीत कुटुंबांच्या आरोग्यावर प्रबंध करायला घ्याल. तेव्हा ‘घरात कुणाला शुगर आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. आजी गरोदर असताना काय खात होती, काय काम करत होती, हेही विचारा. आणि मोजायला सुरुवात कुठून करायची, हे आधी ठरवा. कारण जिथून मोजायला लागाल, त्याच्या आधीचं काहीच तुम्हाला दिसणार नाही.