नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वेमार्ग

विदर्भातील २ फूट ६ इंच रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग. बंगाल नागपूर रेल्वेच्या सातपुडा जाळ्याचा भाग म्हणून तो १९०८ साली सुरू झाला. नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर असे टप्पे घेत गाडी चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडला पोहोचे. त्याच सुमारास गोंदियाकडूनही मार्ग येऊन मिळाल्याने धानपट्ट्यातले हे गाव जंक्शन बनले. पुढे सिंदेवाही, मूल, चिचपल्लीच्या जंगलातून रूळ चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्थानकापर्यंत गेले.

गाडी संथ, पण गरिबाला परवडणारी. तांदूळ, भिवापुरी मिरची, बाजारहाटाला आणि दवाखान्याला निघालेली माणसे, असा तिचा संसार.

गोंदिया–चांदा फोर्ट मार्ग १९९०च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि बल्लारशाहमार्गे दक्षिणेला जोडला गेला. नागपूरची शाखा मात्र अरुंदच राहिली. ही उपेक्षा फार लांबली. अखेर नोव्हेंबर २०१९मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. काम राज्य सरकार आणि रेल्वे यांच्या संयुक्त कंपनीकडे, महारेलकडे आले.

रुंद रुळांवर वेग वाढतो, आणि हा वाघांचा मुलूख आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये चिचपल्लीजवळ जुनोन्याच्या जंगलात गोंदिया मार्गावर रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मेले. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या परिसरातून जाणाऱ्या नव्या रुळांखाली वन्यप्राण्यांसाठी भुयारी वाटा हव्यातच. त्यात काटकसर नको.

चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा १९८२मध्ये वेगळा झाला. तेव्हा त्याच्या वाट्याला याच रेल्वेजाळ्यातले, गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरचे एक स्थानक आले: वडसा. तिथून गडचिरोली शहरापर्यंतचा सुमारे ५२ किलोमीटरचा मार्ग नंतर मंजूर झाला.